आरशासारखं घर

बँकेचा माणूस सांगितल्या वेळेआधीच येऊन गेला, तेव्हा ती दोरे आणायला बाहेर गेली होती. गृहकर्जाचा अर्ज तिचा होता. पगाराची चिठ्ठी नव्हती, म्हणून घरी शिवणकाम खरंच चालतं का, ते तो बघणार होता.

परत आली तर खोली ओळखू येईना. मशीनवर भरतकामाची चादर, तिच्यावर फुलदाणी. अर्धवट शिवलेले कपडे पलंगाखाली, कापडांची गाठोडी शेजारणीकडे.

"गुडघे गेले माझे, पण घर आरशासारखं केलं," सासूबाई म्हणाल्या. "तुझा तो पसारा बघून कुणी कर्ज दिलं असतं का? विचारत होता, सूनबाई काय करतात. म्हटलं, काही नाही हो, हौसेनं शिवते कधीमधी."

तिने बँकेत चार खेटे घातले, पण अहवाल पुढे गेला होता. मग पत्र आलं. 'दिलेल्या पत्त्यावर कोणताही व्यवसाय आढळला नाही. अर्ज नामंजूर.'

"काय लिहिलंय गं?" सासूबाईंनी विचारलं.

तिने पत्राची घडी घातली.

"घर फार आवडलं म्हणतात, आई."