उलटा अंथरलेला फ्लेक्स

परात क्रांतीच्या हातातून निसटली, गच्चीच्या फरशीवर आपटली आणि स्वतःभोवती गरगरत राहिली. मग आदर्शनं ती उचलून बहिणीच्या हातात दिली.

"आक्का, आबांना तूच सांग. मी परत कॉलेजला न्हाय जाणार."

परवा पहाटे पुण्याच्या गाडीतून उतरून तो बिद्रीला घरी आई-आबांकडं न जाता कोल्हापुरात बहिणीकडं आला होता. आल्यापासूनचं हे त्याचं पहिलं धड वाक्य. क्रांतीनं परात बाजूला ठेवली आणि चटणीच्या मिरच्या वाळत घालायला फ्लेक्स उलगडला. एरवी ती कुठली बाजू वर आहे ते बघायचीसुद्धा नाही. आज बघून, चित्र खाली करून अंथरला.

गेल्या वर्षी बारावीच्या निकालानंतर हाच फ्लेक्स बिद्रीच्या स्टँडवर लागला होता. सायन्सला केंद्रात पहिला, हार्दिक अभिनंदन, खाली गल्लीतल्या पोरांचे गोल गोल फोटो. एका बाजूला मोठा आदर्श, काळ्या कोटात. कोट त्याचा नव्हता. फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर चढवलेला.

"पहिल्या सेमिस्टरला हुतंय की रं असं," ती म्हणाली. "किती विषय राहिले?"

"चार."

"गणितबी?"

"गणित तर पहिलं."

ती मिरच्या पसरत राहिली. "बारावी काय सोपी हुती व्हय? ती काढलीस न्हवं?"

"ती अवघड न्हवती गं. लांबडी हुती." तो फ्लेक्सच्या कडेला उकिडवा बसला. "क्लासचे सर सांगायचे, हे येणार, हे येणार न्हाय. जे येणार ते शंभरदा लिहायचं. हितं सर फळ्याकडं तोंड करून शिकवत्यात. मधेच म्हणत्यात, हे तुमचं बारावीत झालंय, आणि म्होरं जात्यात. झालंय खरं. पर मला ते कवा कळलंच न्हवतं, आक्का. नुसतं येत हुतं."

"मग विचारायचं की त्यास्नी."

"कसं विचारू? वर्गात सगळीच फ्लेक्सवरली पोरं हाईत."

क्रांतीला हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्याच्या बारावीत घरातल्या टीव्हीवर चादर पडली होती. आई भांडीसुद्धा आवाज न करता घासायची. एवढं एक वर्ष काढ लेकरा, मग कॉलेजात मज्जाच हाय, असं सगळेच म्हणत. आई, सर, दूधवाला. क्रांतीसुद्धा.

पाण्याच्या टाकीच्या सावलीत तिची लेक नंदिनी पोटावर पडून जोडाक्षरं लिहीत होती. पेन्सिलीनं कागद फाटला तशी ती वैतागली. "मम्मी, दुसरीत ह्याच्यापेक्षा अवघड असतं?"

"न्हाय गं बाय. एवढी जोडाक्षरं आली की झालं. पुढं सोप्पं असतं."

आदर्शनं मान वर करून बहिणीकडं बघितलं. तिचा हात मिरच्यांतच थांबला.

तेवढ्यात फोन वाजला. क्रांतीच्या हाताला मिरची होती, म्हणून नंदिनीनं पळत येऊन स्पीकर लावला. आबांचा आवाज गच्चीभर झाला.

"क्रांते, आदर्शचा फोन लागंना गं!"

"आबा, ऐका की जरा..."

"अभ्यासात आसंल. आसू दे, आसू दे. हितं गणपतरावाची नात बसलीया माझ्यापुढं. आजोबा, सायन्स घेऊ का म्हणतीया. म्हटलं, घे की! चढ काय तो दोन वर्सांचा, म्होरं निस्ता उतार. आमच्या आदर्शला इचार जा. बारावी फोडली त्येनं, आता कॉलेज म्हंजे त्येला पाणी!"

आदर्श फोनकडं बघत होता.

"आणि त्यो फ्लेक्स हाय न्हवं गं तुझ्याकडं? जपून ठेव. इंजिनेर झाला की दोन्ही शेजारी शेजारी लावायचे स्टँडवर."

क्रांतीनं फ्लेक्सच्या कडेवर हात टेकला. तळहाताखाली फ्लेक्स उन्हानं तापला होता.

"हाय, आबा. नीट ठेवलाय."

फोन बंद झाला.

"सांगितलं न्हाईस," आदर्श म्हणाला.

"तू तरी कुठं बोललास?"

त्यानं एक मिरची उचलली, तिचा देठ मोडला आणि परत जागेवर ठेवली. दुसरी उचलली. वारा सुटला तसा फ्लेक्सचा एक कोपरा फडफडला आणि उलटा होऊन मिरच्यांवर पडला. कोटाची काळी बाही वर आली. मग हनुवटी, मग हसरं तोंड, आणि त्याखाली मोठ्या लाल अक्षरांतलं नाव.

नंदिनी गुडघ्यावर रांगत तिथं गेली. अक्षरांवर बोट ठेवून वाचायला लागली.

"आ... द..." ती अडली. पुन्हा मागं गेली. ओठ हलवून बघितले. "र्श. आदर्श! मामा, तुझं नाव हाय!"

मामा उठला. कठड्याजवळची वीट आणली. कोपरा परत खाली दुमडला आणि त्यावर वीट ठेवली. ठेवून हात तिच्यावर तसाच राहू दिला.

नंदिनी आईकडं वळली.

"मम्मी, मला आलं. माझा कधी लावायचा?"