जागचं हलायचं नाही

बाबांचा अंत्यविधी आटोपून घरी आलेला देशाचा कप्तान टीव्हीसमोरच्या रिकाम्या वेताच्या खुर्चीपाशी थबकला. त्यांचा दंडक होता, लेक खेळपट्टीवर असेपर्यंत घरात कुणी जागचं हलायचं नाही. एकदा ते पाणी प्यायला उठले आणि हा त्रिफळाचित झाला! तो फोनवर चिडवायचा, “बाबा, माझ्या निम्म्या धावा तुमच्या खुर्चीच्या!” परवा मात्र नव्वदीत अडकला. शतकाच्या लोभापायी तासभर नुसते चेंडू अडवत राहिला. शतक झालं, बॅट उंचावली, आणि पॅव्हेलियनमध्ये परतल्यावर कळलं. “दुखायला कधी लागलं?” त्यानं आईला विचारलं. “तू नव्वदीत शिरलास तेव्हा. छाती चोळत म्हणाले, होऊ दे त्याचं, मग बघू.” “अगं, डॉक्टर समोरच राहतात! धावत जायचंस!” आई स्वयंपाकघराच्या दारातल्या नेहमीच्या स्टुलावर बसली होती. “तू खेळत होतास ना रे. मी तरी कशी उठणार?”