नाव घेईपर्यंत

"नाव घ्या, नाव घ्या! त्याशिवाय घास नाही!"

दादरच्या हॉलमध्ये पंगतीत चेष्टामस्करीला नुसता ऊत आला होता. यशोधनच्या हातात जिलबीचा तुकडा, शेजारी राजलक्ष्मी, आणि समोर दोन्हीकडची मिळून निदान पन्नास माणसं मोबाइल रोखून उभी.

यशोधन लहानपणापासून अडखळत बोलायचा. 'र' तर त्याचा जन्माचा वैरी. आणि पठ्ठ्याने बायको निवडली ती राजलक्ष्मी! त्याच्या आईने, ललिताबाईंनी, सकाळीच तोडगा काढला होता. "यशू, संध्याकाळी तांदळात बायकोचं नाव लिहायचंच असतं. नवं लिही. उमा. सुटशील बाबा." राजलक्ष्मीही म्हणाली, "तुला सोपं जात असेल तर मला चालेल रे." ते मात्र त्याला फार लागलं. आपल्या जिभेपायी हिने नाव सोडायचं? "पं... पंगतीत घेऊन दाखवतो," तो आईला म्हणाला. "नाहीच ज... जमलं, तर उमा."

तयारी त्याने कुठे केली होती? स्वप्नात! हसू नका. पहाटे गजर बंद करून पुन्हा झोपलं की त्याला स्वप्न पडायचं, आणि हे स्वप्न आहे हे त्याला स्वप्नातच कळायचं. मग काय, राज्य त्याचंच. अंतरपाट, अक्षता, पंगत, मठ्ठा, सगळं अगदी सावकाश, दिवसभर चालल्यासारखं. तिथे त्याची जीभ कधी म्हणजे कधीच अडायची नाही. तो ऐटीत उखाणा सुरू करायचा, आणि नाव ओठांवर आलं की आनंदाच्या भरात खाडकन जाग यायची. घड्याळात जेमतेम दहा मिनिटं सरलेली असायची. महिनाभर रोज लग्न लागलं, पण नाव काही एकदाही घेऊन झालं नाही.

"अहो नवरदेव, जिलबी शिळी होईल!" कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

यशोधनने श्वास घेतला. "दादरच्या फुलबाजारात शे... शेवंतीची र... रास..."

मोबाइल आणखी पुढे सरसावले.

"रा..."

अडकला. "रा... रा..." मोबाइल एकेक करून खाली यायला लागले. ललिताबाईंनी मान खाली घातली. राजलक्ष्मीने त्याचं मनगट घट्ट धरलं. या एका अक्षरावर आपण तासभर उभे आहोत असं त्याला वाटलं.

आणि एकदम तो हसला. चांगला तोंडभर हसला. खांदे सैल सोडून, गाडी चुकायची नसल्यासारखा निवांत थांबला. मग म्हणाला, "रा... राजलक्ष्मीला भरवतो जिलबीचा घास!"

हॉल दणाणला! शिट्ट्या काय, टाळ्या काय! ललिताबाईंनी पदराने डोळे पुसले. "यशू, पोटभर जेव रे," त्या म्हणाल्या, "संध्याकाळी तांदळात एवढं लांबलचक नाव लिहायचंय."

जिलबी खाता खाता राजलक्ष्मीने हळूच विचारलं, "अरे, अडकल्यावर मध्येच हसलास काय?"

"स्वप्नात मी कधी अ... अडखळत नाही," तो म्हणाला. "म्हटलं, म्हणजे आज ज... जाग यायची भीती नाही."