पहिल्या पटाचा मान

कारखान्यांच्या सांघिक बुद्धिबळ सामन्यात आपल्याला पहिला पट मिळाल्याचे फिटरकाका घरी सुनेला मोठ्या अभिमानाने सांगून आले होते. खेळ सुरू होण्यापूर्वी संघाचे कप्तान, म्हणजे मुख्य अभियंता, त्यांच्या कानाशी लागले.

"काका, याला गँबिट म्हणतात. आधी एक प्यादं फुकट द्यायचं, मग डाव मारायचा. त्यांचा पट्टीचा खेळाडू पहिल्या पटावर तुम्हाला खात बसेल, तोवर आम्ही तिघं उरलेले तीन पट जिंकतो. तुम्ही निर्धास्त हरा!"

काकांचा चेहरा पडला. पण सुनेला काय तोंड दाखवायचे, या धास्तीने ते प्रत्येक चाल आटे मोजून नट आवळावा तशी जपून खेळले. दोन तासांनी त्यांनी चक्क मात केली. आनंदाने वळून पाहतात, तो आपल्या संघाचे उरलेले तिन्ही राजे आडवे. सर्वांत आधी कप्तानांचा.

पटापलीकडे बसलेल्या, त्यांच्या कारखान्यातल्या रंगाऱ्याने हसत हात पुढे केला. "अभिनंदन, काका! आमच्या साहेबांनी मलाही निर्धास्त हरायला सांगितलं होतं."