बसखालचं पाणी

बसखालची जमीन कोरडीठाक होती, आणि तेच धर्मराज ड्रायव्हरला खटकलं.

तो उताणा होऊन बसखाली सरकला. टाकीच्या व्हॉल्व्हला परवा आवळून बांधलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी सुटून लोंबत होती. टाकीची पातळी दाखवणाऱ्या काचनळीत पाणी पार तळाला गेलेलं. दीडशे लिटर पाणी गळून गेलं आणि खालची माती भिजलीसुद्धा नाही, हे कसं?

बस म्हणजे बियाणं कंपनीचं लाडकं बाळ. परदेशी पाहुण्यांनी बियाण्याचे प्लॉट बघत हिंडावं, आतच झोपावं, आतच संडासला जावं, अशी सगळी सोय. नवी कोरी बस पुण्याहून आणली धर्मराजनं, आणि 'सर्व ठीक' म्हणून सहीही त्यानंच ठोकली. खाली वाकून व्हॉल्व्ह बघायचं काही त्याला सुचलं नाही. परवा कंपनीच्या भालचंद्ररावसाहेबांनी संडासाची टाकी भरून तपासायला सांगितली. यानं पाणी भरलं, बाटलीभर वास मारायचं औषध ओतलं, तर व्हॉल्व्ह गळायला लागला. साहेबांनी विचारलं तेव्हा गडी म्हणतो, "बिलकुल गळत न्हाई, साहेब." सही अंगाशी येईल ही भीती, दुसरं काय. ट्यूब गुंडाळली, आणि हसनाबादहून परतल्यावर टाकी सोडू म्हणून तसाच पाहुण्यांना घेऊन इथं आला. संडास अजून कुणी वापरला नव्हता, तेवढं एक बरं. पण औषधाच्या बाटलीवर कवटीचं चित्र होतं.

"ओ डायवर, जरा सरका की."

झुंबरबाई नावाची म्हातारी काखेत रिकामी घागर घेऊन उभी होती. धर्मराज बाहेर आला तशी तिनं वाकून घागर व्हॉल्व्हखाली बराबर नेम धरून ठेवली.

"आता थेंबथेंबच पडून राह्यलं," ती म्हणाली. "सकाळी चांगली करंगळीएवढी धार व्हती."

"आजी, कुणी कुणी नेलं हे पाणी?"

"समद्यांनी. नंबर लावून नेलं, भांडण न्हाई का तंटा न्हाई." म्हातारीला त्याचं मोठं कौतुक. "गार हवेच्या मशीनचं हाये ना? जालन्याला बँकेच्या मशीनखाली बी असंच गळतं. पण तुमच्या पाण्याला गुलाबाचा वास येऊन राह्यला, माय. पाच दिवस झाले, टँकर आला न्हाई."

"पिलं का कुणी?"

"मंग काय पाहायला नेलं?"

त्यानं घागर उचलून उपडी केली आणि पळत सुटला. झुंबरबाई मागून शिव्या घालत होती, त्यातली एकही त्याला ऐकू आली नाही.

शाळेपुढच्या मांडवात सभा भरली होती. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला प्लॉटमध्ये काम करणाऱ्या बाया, समोर खुर्च्यांवर चार गोरे पाहुणे. माइकपुढं भालचंद्रराव. धर्मराज मागून स्टेजवर चढला आणि त्यांच्या कानाशी लागला.

"साहेब, टाकी गळाली. गावातल्या बायांनी ते पाणी भरून नेलं. पिऊन राह्यलेत लोकं."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला, पण पाहुण्यांसाठी केलेलं हसू तसंच राहिलं. "आत्ता नाही," ते माइकवर हात ठेवून म्हणाले. "दहा मिनिटांत आटोपतो. खाली जाऊन उभा राहा."

साहेबांचा शब्द त्यानं आजवर कधी मोडला नव्हता. धर्मराज खाली उतरला. पहिल्या रांगेत एक बाई, नंदाबाई, मांडीवरच्या पोराला स्टीलच्या पेल्यातून पाणी पाजत होती. पोरगं तहानेलं होतं, घटाघटा पीत होतं. ते पाणी कुठलं, कोण जाणे. पण धर्मराजला तो पेला बघवेना. नोकरी जाईल, साहेब पोलिसांत देतील, गाव तुडवून काढील, सगळं त्याच्या मनात एकदम येऊन गेलं. तरी तो परत वर चढला आणि त्यानं साहेबांच्या हातातून माइक ओढून घेतला.

"बसखालून जे पाणी नेलं ते पिऊ नका." त्याचाच आवाज कर्ण्यातून त्याला परका वाटला. "ते मशीनचं न्हाई. संडासाच्या टाकीचं हाये. त्याच्यात विषारी औषध हाये. मला म्हाईत व्हतं टाकी गळती ते, मी सांगितलं न्हाई."

पाहुण्यांना काही कळलं नव्हतं, त्यांतल्या एकानं तर टाळी वाजवली. बाया एकमेकींकडे बघायच्या आणि खाली मान घालायच्या. आपणही नेलं, असं आधी कोण म्हणणार?

नंदाबाईनं पेला हळूच खाली ठेवला. पदर तोंडाशी धरून तिनं विचारलं, "भाऊ, उकळून पाजलं तर चालतं ना?"

"न्हाई चालत, बाई," धर्मराज म्हणाला. "आधी पोराला दवाखान्यात न्या."

ती पोराला उराशी धरून उठली. तिच्या मागची उठली, मग तिच्या शेजारची, आणि मग बायांची सगळी बाजू चपला तिथंच टाकून घरांकडं पळत सुटली.

पुरुषांची बाजू जागेवरच बसून होती. घरात आज पाणी कुठून आलं, ते त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.