घामाची चाचणी

बाहेरचे कापड, मध्ये कांद्याच्या पापुद्र्यासारखा पडदा आणि आत अस्तर, असे तीन थर चिकटवून कारखान्यात पावसाळी जाकिटे बनत. पाणी आत शिरत नसे. पण घाम बाहेर जातो का, हे तपासण्यासाठी जाकीट एका हंगामी कामगाराच्या अंगावर चढवत, कारण नोकरी जाण्याच्या धास्तीने त्याला सदैव घाम फुटलेला असे.

अखेर साहेबांनी खूश होऊन त्याला कायम केले. त्याचा जीव भांड्यात पडला आणि दुसऱ्याच दिवशी जाकिटात तो कोरडा ठाक!

"अहो, थोडं तरी घाबरा की!" साहेब काकुळतीला आले.

"आता कशाला घाबरू, साहेब? तुमच्या कृपेनं सगळं मार्गी लागलंय."



तेव्हापासून साहेब त्याला रोज सकाळी कामावरून काढतात, तो रोज मनापासून घाबरतो, आणि जाकीट पास झाले की संध्याकाळी पुन्हा कायम होतो.