अवघड शब्दांचं पुस्तक

इंग्रज जावई रूपर्ट पहिल्यांदाच जेवायला येणार, म्हणून ग्रीसमधल्या कालामाताच्या फोतिनीबाईंनी इंग्रजी शिकायला घेतलं. सोप्या शब्दांचं पुस्तक डोक्यावरून गेलं. अवघड शब्दांचं उघडलं, तर पानोपानी आपलीच ग्रीक! "चोरलंय की मेल्यांनी," म्हणत त्यांनी बसल्या बैठकीला त्याचा फडशा पाडला.

जेवताना त्यांनी फिलॉसॉफी, ट्रॅजेडी, डेमोक्रसी असं काही झाडलं, की रूपर्टला ठसकाच लागला. तो काकुळतीनं काहीतरी म्हणाला. फोतिनीबाईंनी थाटात उत्तर दिलं, "हार्मनी!"

स्वयंपाकघरातून मुलगी धावत आली. त्याचं ऐकून आईकडे वळली.

"आई, तो विचारतोय, एवढ्या विद्वान बाई मला मघापासून पाणी का देत नाहीयेत? माझं काही चुकलं का?"